प्लॅन वाढवू नका, आधी वायर बघा! शाळा-क्लासेसचं नेटवर्क आणि त्यातला तुमचा व्यवसाय



मागच्या व्हिडिओत आपण तालुक्याच्या गावात कमी भांडवलात सुरू होणारे सेवा-व्यवसाय बघितले. त्यात ‘शाळा आणि क्लासेसना नेटवर्क लावून देणं’ हा मुद्दा होता. तुमचे सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच आले, आणि त्यातले निम्मे एकाच प्रकारचे होते: “मॅडम, शाळेला किती एमबीपीएसचा प्लॅन सुचवायचा?”

आजचा लेख या प्रश्नाचं उत्तर देतो, पण थोडं वळण घेऊन. कारण हा प्रश्न विचारणारा माणूस प्लॅन विकणारा एजंट होतो. ‘वर्गात काय होणार आहे?’ हा प्रश्न विचारणारा माणूस त्या शाळेचा कायमचा माणूस होतो. धंदा दुसऱ्याचा वाढतो.

मी इंजिनिअर नाही. माझं शिक्षण बीबीए, आणि पोट दुकानावर. त्यामुळे इथे जे सांगतेय ते काउंटरच्या या बाजूला उभं राहून कळेल अशाच भाषेत सांगतेय. लेख मोठा आहे, चहा घेऊन बसा.

तुमचं मोजमाप एमबीपीएस नाही, ३५ मिनिटं आहे

शाळेचा तास साधारण ३५ ते ४० मिनिटांचा. समजा, सातवीच्या वर्गात ३५ मिनिटांचा विज्ञानाचा तास आहे. टॅब वाटायला ५ मिनिटं गेली. वाय-फाय जोडायला ५ मिनिटं, कारण मागच्या बाकांवर सिग्नलच नाही. व्हिडिओ सुरू झाला आणि गोल गोल फिरत राहिला, त्यात ४ मिनिटं. झाली की १४ मिनिटं! म्हणजे तासाचा ४० टक्के भाग गेला आणि अजून शिकवायला सुरुवातच नाही.

असं दोनदा झालं की बाई काय करतात माहितीये? तिसऱ्या वेळी टॅबचं कपाट उघडतच नाहीत. खडू घेतात आणि फळ्यावर शिकवतात. त्यांचं बरोबरच आहे, खडूला बफरिंग नसतं.

आता याचा गावाशी काय संबंध ते बघा. जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळांमध्ये स्मार्ट टीव्ही, टॅब, प्रोजेक्टर लोकवर्गणीतून आलेत. कुणी आईच्या स्मरणार्थ पाच हजार दिलेत, कुणी मुंबईहून पैसे पाठवलेत. तो टीव्ही कापड टाकून झाकलेला दिसला की पुढच्या वर्गणीला लोक दार लावून घेतात. म्हणजे चुकीचं नेटवर्क लावल्याचा तोटा एका बिलापुरता राहत नाही. त्या शाळेची पुढची दहा वर्षांची संधी जाते, आणि गावात तुमचं नाव जातं ते वेगळंच. हे डोक्यात ठेवूनच या धंद्यात या.

पिन कोड कळला की इंटरनेट कळलं

मुख्याध्यापकांना किंवा संस्थेच्या अध्यक्षांना इंटरनेट समजावून सांगता आलं पाहिजे. तांत्रिक शब्द फेकले तर ते मान हलवतील, पण चेक देणार नाहीत. म्हणून ही उपमा पाठ करून ठेवा.

आपला सहा आकडी पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. त्यामागे आपल्याच मराठी माणसाचं डोकं होतं, टपाल खात्यातले श्रीराम भिकाजी वेलणकर. पहिला आकडा ४ दिसला की पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड या पट्ट्यातलं. दूरच्या राज्यातल्या टपाल कर्मचाऱ्याला तुमच्या गल्लीचं नाव माहीत असायची गरज नाही. त्याने फक्त पुढच्या टप्प्याला पत्र द्यायचं. इंटरनेटवरचा राउटर हेच करतो. पूर्ण प्रवास त्याला ठाऊक नसतो, पुढचं ठाणं मात्र बरोबर ठाऊक असतं.

फरक एवढाच, की इंटरनेट पार्सल एका तुकड्यात पाठवत नाही. त्याचे छोटे छोटे तुकडे करतं. या तुकड्याला पॅकेट म्हणतात आणि ते सहसा १५०० बाइटपर्यंत असतं. म्हणजे तुम्ही ५ एमबीचा फोटो पाठवला की त्याची साडेतीन हजारांच्या आसपास पॅकेट होतात. प्रत्येकावर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि अनुक्रमांक असतो. ती वेगवेगळ्या रस्त्यांनी जाऊ शकतात. पलीकडे पोचल्यावर अनुक्रमांकाने जुळवली जातात, आणि एखादं हरवलं तर “ते परत पाठव” असा निरोप जातो.

ही पद्धत ठरवणाऱ्या नियमांना टीसीपी-आयपी म्हणतात. आजच्या इंटरनेटचं मूळ असलेलं अमेरिकेतलं अर्पानेट १ जानेवारी १९८३ ला या नियमांवर आलं. आपल्याकडे सामान्य ग्राहकासाठी इंटरनेट आणलं विदेश संचार निगमने, १५ ऑगस्ट १९९५ ला. पिन कोडचाही वाढदिवस हाच! मुख्याध्यापकांना ही गोष्ट सांगून बघा, ते ती पुढच्या परिपाठात मुलांना सांगतील.

‘हरवलं तर परत पाठव’ यातून एक कामाची गोष्ट निघते. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ थोडा पुढचा भाग आधीच उतरवून ठेवतो. मध्ये चार पॅकेट हरवली तरी ती परत मागवायला वेळ असतो. लाइव्ह तासात तो वेळ नसतो, म्हणून आवाज तुटतो. त्यामुळे ज्या क्लासला ऑनलाइन लाइव्ह बॅच चालवायची आहे त्याला मोठ्या आकड्यापेक्षा स्थिर कनेक्शन हवं. आणि शिकवणाऱ्याच्या बाजूला अपलोडचा वेगही तपासा. जाहिरातीत ठळक लिहिलेला आकडा बहुतेक वेळा डाउनलोडचा असतो.

पत्ता वाटणारा वॉचमन

प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो, त्याला आयपी अॅड्रेस म्हणतात. जुन्या पद्धतीचा पत्ता चार आकड्यांचा, प्रत्येक आकडा ० ते २५५. असे एकूण पत्ते होतात साधारण ४३० कोटी. जगातल्या फोन, टीव्ही, कॅमेऱ्यांना एवढे पुरत नाहीत. म्हणून युक्ती केली. शाळेला बाहेरून एकच पत्ता आणि आत प्रत्येक यंत्राला खासगी पत्ता, जो बहुतेक ठिकाणी १९२.१६८ ने सुरू होतो. हाउसिंग सोसायटीसारखंच हे. पोस्टमनला गेटपर्यंतचा पत्ता पुरतो, आत कोणाचा फ्लॅट कुठे ते वॉचमनला माहीत. हा वॉचमन म्हणजे तुमचा राउटर.

आता धंद्याची गोष्ट. हा वॉचमन आत वाटायचे पत्ते एका यादीतून देतो आणि त्या यादीची लांबी सेटिंगमध्ये ठरलेली असते. समजा यादी ५० पत्त्यांची आहे आणि शाळेत ६० यंत्रं आहेत. मग शेवटच्या दहा टॅबवर वाय-फाय जोडल्यासारखं दिसतं, पण काही उघडत नाही. शिक्षक म्हणतात टॅब खराब, टॅबवाला म्हणतो नेट खराब. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन यादी वाढवायची, पाच मिनिटांचं काम. ही पाच मिनिटं ज्याला माहीत, त्याला शाळा परत परत बोलावते.

आणि डीएनएस? मोबाइलमध्ये आपण ‘आई’ नाव दाबतो, नंबर फोन शोधतो. तसंच तुम्ही वेबसाइटचं नाव लिहिता आणि डीएनएस त्याचा आकडी पत्ता शोधून देतो. हा शब्द लक्षात ठेवा, मुलांच्या सुरक्षिततेच्या भागात तो परत येणार आहे.

दोन वेगळे रस्ते: आतलं नेटवर्क आणि बाहेरचं इंटरनेट

या लेखातलं एकच वाक्य लिहून ठेवणार असाल तर हे ठेवा: शाळेच्या आतलं नेटवर्क वेगळं आणि बाहेरचं इंटरनेट वेगळं. ग्राहक दोन्हीला ‘नेट’च म्हणतो. तुम्ही म्हणू नका.

आतलं नेटवर्क म्हणजे शाळेतली यंत्रं एकमेकांना जोडणारी वायर, स्विच आणि वाय-फाय. साध्या गिगाबिट स्विचवर ते १००० एमबीपीएसने चालतं. त्याला महिन्याचं बिल नाही. बाहेरचं इंटरनेट म्हणजे कंपनीची लाइन. ती १०० एमबीपीएसची असेल तर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी, कारण ८ बिट म्हणजे १ बाइट. ग्राहक नेहमी विचारतो, “१०० चा प्लॅन आहे, मग १०० एमबीची फाइल एका सेकंदात का येत नाही?” त्याचं उत्तर हे.

आता हिशेब करू. मोबाइलवर ठीक दिसेल असा ४८० पीचा व्हिडिओ साधारण १.१ एमबीपीएस घेतो, ७२० पीचा साधारण २.५.

वर्गात एकच मोठा टीव्ही आहे आणि सगळे तोच बघणार: २.५ एमबीपीएस पुरे.
४० मुलं ४० टॅबवर ४८० पी बघणार: ४४ एमबीपीएस.
४० मुलं ४० टॅबवर ७२० पी बघणार: १०० एमबीपीएस.

शाळा तीच, वर्ग तोच, धडा तोच. गरज मात्र चाळीसपट बदलली. म्हणून ‘किती एमबीपीएस?’ याचं उत्तर शिक्षकांना विचारल्याशिवाय देताच येत नाही. बहुतेक शाळांना एका वर्गात एक मोठा पडदा आणि शिक्षकाच्या हातात रिमोट एवढंच हवं असतं. त्यांना भारी प्लॅन विकणं म्हणजे दोन माणसांच्या घराला वीस किलोचा कुकर देणं.

वाय-फाय म्हणजे एकाच वर्गात सगळ्यांचं बोलणं

वाय-फायचा नियम शिक्षकांना लगेच कळतो, कारण तो वर्गाचाच नियम आहे: एका वेळी एकानेच बोलायचं. एका चॅनेलवर एका क्षणी साधारणपणे एकच यंत्र बोलतं, बाकीची थांबतात. त्यात लांबच्या बाकावरचं यंत्र हळू बोलतं, म्हणजे ते सगळ्यांचा वेळ खातं. घरातल्या पाच-सात यंत्रांसाठी बनवलेला राउटर ४० टॅबच्या वर्गात म्हणूनच धापा टाकतो.

दोन लहरी लक्षात ठेवा. २.४ गिगाहर्ट्झ लांब जाते, भिंतीतून बऱ्यापैकी पार होते, पण वेग कमी आणि गर्दी फार. तिथे एकमेकांवर न चढणारी चॅनेलं तीनच धरायची: १, ६ आणि ११. शेजारच्या दोन वर्गांत दोन वाय-फाय एकाच चॅनेलवर लावले तर ते एकमेकांना बोलू देत नाहीत. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, मोकळी, पण जाड भिंतीपुढे लवकर हात टेकते. जुन्या शाळेच्या दगडी भिंती असतील तर हे डोळ्यांनी बघून ठरवा, फोनवरून कोटेशन देऊ नका.

एक उदाहरण सांगते. एका शाळेने मला “नेट स्लो आहे, मोठा प्लॅन करून द्या” म्हणून बोलावलं. लाइन १०० ची होती. राउटरला वायरने लॅपटॉप जोडला तर ९४ मिळाले, म्हणजे कंपनीची लाइन ठणठणीत. मग सातवीच्या वर्गात गेले, तिथे ३ मिळाले. कारण? राउटर मुख्याध्यापकांच्या खोलीत, लोखंडी कपाटात, कुलूप लावून ठेवलेला! चोरी होऊ नये म्हणून. मध्ये दोन भिंती. प्लॅनला हात लावला नाही. कपाटातून वर्गापर्यंत एक केबल ओढली आणि वर्गात छताजवळ एक अॅक्सेस पॉइंट बसवला. वर्गात वेग आला, महिन्याचं बिल तेवढंच राहिलं.

त्या दिवशी मोठा प्लॅन करून दिला असता तर कदाचित जास्त कमिशन मिळालं असतं. पण वर्गात ३ चे ३च राहिले असते. या कामानंतर त्याच संस्थेच्या दुसऱ्या शाळेचं काम न मागता आलं. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी वायरने राउटरपाशी मोजा, मग वर्गात मोजा. दोन आकड्यांत जिथे फरक पडतो, तिथे तुमचं काम आहे.

वायरचं काम: इथे स्वस्ताई नको

वाय-फाय दिसतं, वायर दिसत नाही. म्हणून लोक वायरमध्ये पैसे वाचवतात आणि तिथेच फसतात.

• कॅट-६ केबल घ्या, आणि ती पूर्ण तांब्याची घ्या. बाजारात अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्तात मिळते. ती लवकर तुटते, लांब अंतरावर दगा देते, आणि तिच्यातूनच अॅक्सेस पॉइंटला वीज द्यायची असेल तर तापते. टोक खरवडून बघा, आत चंदेरी दिसलं तर परत करा.
• एका सलग केबलची मर्यादा १०० मीटर. पूर्ण खोका ३०५ मीटरचा येतो. कोटेशन देताना भिंतीवरून चढ-उतार मोजा, सरळ रेषेत मोजलं की केबल कमी पडणार.
• कनेक्टरमधला रंगांचा क्रम पाठ करा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना तोच क्रम, आणि प्रत्येक केबल टेस्टरवर तपासूनच भिंतीत टाका.
• विजेच्या वायरच्या पाइपमधून नेटवर्कची केबल नेऊ नका.
• दोन वेगळ्या इमारती जोडायच्या असतील तर फायबर वापरा. तांब्याची केबल उघड्यावरून नेली तर वळवाच्या एका पावसात, वीज पडली की दोन्हीकडचे स्विच जाऊ शकतात. काचेच्या फायबरमधून वीज वाहत नाही.
• राउटरला छोटा यूपीएस द्या. वीज गेली तरी शिक्षकाच्या लॅपटॉपची बॅटरी चालते, राउटर मात्र बंद पडतो आणि तास मोडतो.
• दोन्ही टोकांना नंबर लिहा. पुढच्या वर्षी दुरुस्तीला जाल तेव्हा स्वतःलाच धन्यवाद द्याल.

नेट नसताना वर्ग चालला पाहिजे

ग्रामीण भागात हा खरा विकण्याचा मुद्दा आहे. गावोगावी ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याचा सरकारी प्रकल्प २०११ मध्ये मंजूर झाला, आता आपण त्याला भारतनेट म्हणतो. पण फायबर ग्रामपंचायतीपर्यंत येणं आणि चौथीच्या वर्गात व्हिडिओ न अडखळता चालणं, यात बरंच अंतर आहे. रस्ता रुंद करताना जेसीबीने केबल तोडली की दोन दिवस गेले.

यावर उपाय म्हणजे साहित्य आधीच शाळेत आणून ठेवायचं. ‘कोलिब्री’ नावाची मोफत प्रणाली आहे. ती खास इंटरनेट नसलेल्या किंवा कमी असलेल्या शाळांसाठीच बनवलीय. एका जुन्या संगणकावर किंवा रास्पबेरी पायसारख्या छोट्या यंत्रावर ती बसते. धडे आणि सराव एकदा उतरवून घेतले की मुलांचे टॅब आतल्या वाय-फायवरून ते बघतात. बाहेरचं इंटरनेट शून्य. ‘किविक्स’ वापरून विकिपीडिया तसाच ठेवता येतो, मराठीसुद्धा. केंद्र सरकारचं ‘दीक्षा’ अॅप २०१७ मध्ये आलं. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड त्यालाच जोडलेले असतात आणि त्यातलं बरंचसं साहित्य आधी उतरवून ठेवता येतं. शिक्षकांना सांगा, आज संध्याकाळी नेट आहे ना, उद्याचा धडा आजच उतरवून ठेवा.

वरचा हिशेब आठवा. ४० टॅबना बाहेरून व्हिडिओ आणायला ४४ एमबीपीएसची लाइन लागत होती. तोच व्हिडिओ आतल्या सर्व्हरवर असेल तर तो बाहेरून एकदाच येतो, तोही रात्री, सावकाश. दिवसा ४४ चा भार फक्त आतल्या रस्त्यावर, आणि तिथे जागा भरपूर आहे. म्हणूनच ‘आत’ आणि ‘बाहेर’ वेगळं ओळखायचं.

शिकवणार शिक्षकच

नेटवर्क चांगलं झालं म्हणजे शिक्षण चांगलं झालं, असं विकायला जाऊ नका. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड वापरण्याचं त्यांचं काम जगभर गाजलं. आता विचार करा, क्यूआर कोड ही काय महागडी वस्तू आहे? कागदावर छापलेला काळा-पांढरा चौकोन! किंमत त्यामागच्या शिक्षकाच्या विचाराला होती: माझ्या वर्गातल्या मुलाला नेमकं काय, कधी, कोणत्या भाषेत दिसलं पाहिजे?

म्हणून काम संपल्यावर तासभर शिक्षकांसोबत बसा. शाळेच्या आत एक सामायिक फोल्डर बनवून द्या, म्हणजे एका बाईंनी बनवलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्यांना पेनड्राइव्हशिवाय मिळेल. मोबाइलमधला प्रयोगाचा फोटो मोठ्या पडद्यावर कसा टाकायचा ते करून दाखवा. पाच प्रश्नांची छोटी चाचणी टॅबवर घेतली की कोणता प्रश्न किती मुलांचा चुकला ते त्याच तासात कळतं आणि तोच भाग लगेच परत शिकवता येतो. या तीन गोष्टी जमल्या की कपाट बंद राहत नाही. आणि कपाट बंद राहिलं नाही, तरच तुमचा देखभालीचा करार पुढच्या वर्षी टिकतो.

मुलं आहेत, जबाबदारी मोठी आहे

• राउटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला आणि नवा पासवर्ड बंद पाकिटात मुख्याध्यापकांकडे द्या. तो फक्त तुमच्याकडे ठेवून शाळेला अडकवू नका.
• ऑफिसचं नेटवर्क आणि मुलांचं नेटवर्क वेगळं करा. फी आणि निकालाचा संगणक सातवीच्या टॅबवरून दिसता कामा नये.
• अश्लील साइट अडवणारा डीएनएस लावा. क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ हा मोफत पत्ता त्यासाठीच आहे. पण ‘शंभर टक्के अडवतो’ असं लिहून देऊ नका. मोबाइल डेटावर त्याचा उपयोग नाही. शिक्षकाची नजर लागतेच.
• वाय-फायमधलं ‘यंत्रं एकमेकांना दिसू नयेत’ हे सेटिंग सुरक्षिततेसाठी चांगलं, पण काही राउटरवर त्यामुळे आतला सर्व्हरही दिसेनासा होतो. लावल्यावर एकदा तपासा.
• मुलांची माहिती गोळा करणारं कुठलंही अॅप परस्पर बसवू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती बालक धरलीय आणि तिच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. निर्णय शाळेचा, संमतीपत्र शाळेचं.
• इंटरनेट कनेक्शन शाळेच्या नावावरच घ्यायला लावा. स्वतःच्या नावावर घेऊन वाटून विकायचं डोक्यातही आणू नका, तो परवान्याचा विषय आहे.

आता पैशाचं बोलू

सुरुवातीला लागतं काय? क्रिंपिंग टूल, केबल टेस्टर, ड्रिल, शिडी, लॅपटॉप आणि एक खोका केबल. माल साठवून ठेवायची गरज नाही, ऑर्डर आल्यावर घ्या.

कोटेशन एका आकड्यात देऊ नका. चार भाग करा: साहित्य, मजुरी (दर पॉइंटला), सेटिंग आणि शिक्षकांचं प्रशिक्षण, वर्षाची देखभाल. एकच आकडा दिला की समोरचा तो दुसऱ्याच्या आकड्याशी ताडून बघतो. भाग दिले की तो विचारतो, “दुसऱ्याने प्रशिक्षण का नाही लिहिलं?” तिथे तुमचा फरक दिसतो.

साहित्यावरचा नफा कमीच असतो, कारण राउटरचा ऑनलाइन भाव ग्राहकाच्या मोबाइलमध्ये असतो. खरा धंदा देखभालीच्या करारात. त्यात लिहा: वर्षात किती भेटी, तक्रार आल्यावर किती तासांत येणार, काय समाविष्ट नाही. परीक्षेच्या काळात आणि जून महिन्यात फोन उचललाच पाहिजे.

उधारीचं गणित आधी करा. खासगी क्लासवाला लगेच देतो. संस्था आणि सरकारी शाळेचा निधी आला की बिल निघतं, आणि ते मार्चअखेरीला ढकललं जाऊ शकतं. म्हणून साहित्याचे पैसे आगाऊ, उरलेले काम तपासून झाल्यावर, हे लेखी घ्या. एका वेळी एकच उधारीची शाळा, बाकी क्लासेस. उद्यम नोंदणी करून ठेवा, ती मोफत आहे. सरकारी खरेदीत उतरायचं असेल तर जेम पोर्टल समजून घ्या. जीएसटीची मर्यादा फक्त माल विकणाऱ्याला ४० लाखांची असली तरी सेवा देणाऱ्याला २० लाखांची आहे. तुम्ही दोन्ही करणार, म्हणून २० धरून चाला आणि सीएंना विचारा.

या आठवड्याचा गृहपाठ

आपल्या चॅनेलची पद्धत तुम्हाला माहीत आहे, वाचून सोडायचं नाही. या शनिवारी, अर्धा दिवस शाळा असते तेव्हा, तुम्ही जिथे शिकलात त्या शाळेत जा. काही विकायला जाऊ नका. मुख्याध्यापकांची परवानगी घ्या आणि फक्त पाच गोष्टी वहीत लिहा:

१. राउटरपाशी वायरने किती वेग मिळतो?
२. सगळ्यात लांबच्या वर्गात, शेवटच्या बाकावर किती मिळतो?
३. एका वेळी जास्तीत जास्त किती यंत्रं चालतात?
४. वीज गेल्यावर राउटर चालू राहतो का?
५. शेवटचा डिजिटल तास कधी झाला, आणि नंतर का झाला नाही?

पाचवा प्रश्न शिक्षकांना विचारा आणि गप्प बसून ऐका. पहिल्या चार उत्तरांतून तुम्हाला काम कळेल. पाचव्यातून ग्राहक कळेल. मग एका पानावर अहवाल लिहून शाळेला मोफत द्या. त्यात ‘प्लॅन वाढवा’ हे वाक्य शेवटी लिहा, आणि तेही खरंच गरज असेल तरच.

पुढच्या व्हिडिओत आपण हाच अहवाल आणि चार भागांचं कोटेशन स्क्रीनवर भरून बघणार आहोत. वही तयार ठेवा.

भेटू लवकरच. काम चोख, हिशेब रोख!